वाचकांचे प्रश्न : अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आणि सरन्यायाधीश

अमेरिकी राज्यघटनेविषयी या सदरात झालेल्या चर्चेनंतर आलेल्या पत्रांतून एकच शंका वेगवेगळ्या शब्दांत विचारली गेली आहे. एवढी मोठी सत्ता हाती असलेला राष्ट्राध्यक्ष आणि हाताशी ना सैन्य ना खजिना असलेला सरन्यायाधीश, यांचे एकमेकांशी नेमके नाते कोणते, असे वाचकांना जाणून घ्यायचे आहे. त्यांपैकी काही प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : अमेरिकेत सरन्यायाधीशांची निवड राष्ट्राध्यक्षच करतात. मग ते एका अर्थाने त्यांच्या हाताखालचेच झाले नाहीत का? आपल्याकडे सर्वांत ज्येष्ठ न्यायाधीशाला सरन्यायाधीश करण्याची प्रथा आहे, तशी तिथे आहे का? (विधी शाखेची विद्यार्थिनी, नागपूर)

उत्तर : निवड राष्ट्राध्यक्ष करतात हे खरे आहे, परंतु त्या अधिकाराचा उपयोग एका व्यक्तीबाबत एकदाच करता येतो आणि एकदा केलेली नेमणूक मागे घेता येत नाही. राष्ट्राध्यक्षाने नाव सुचवायचे, सिनेटने, म्हणजे अमेरिकी संसदेच्या वरिष्ठ सभागृहाने, त्याला संमती द्यायची, आणि त्यानंतर त्या न्यायाधीशाने 'सद्वर्तन असेपर्यंत', म्हणजे व्यवहारात तहहयात, पदावर राहायचे, अशी रचना आहे. निवृत्तीचे वय ठरलेले नाही. पदावर असेपर्यंत वेतनात कपात करता येत नाही, हेही घटनेनेच सांगून ठेवले आहे. पदावरून दूर करण्याचा महाभियोग हा एकच मार्ग आहे आणि तो काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, हाती आहे, राष्ट्राध्यक्षाच्या नाही. आजवर एकाही सरन्यायाधीशाला अशा रीतीने पद सोडावे लागलेले नाही. ज्याच्या हातून नेमणूक होते त्याच्या हाती बढती, बदली, बडतर्फी यांपैकी काहीच उरत नाही, तेव्हा 'हाताखालचा' हा शब्द येथे लागू पडत नाही.

ज्येष्ठतेची प्रथा तिथे नाही. आजवरच्या १७ सरन्यायाधीशांपैकी एडवर्ड व्हाइट (१९१०), हार्लन स्टोन (१९४१) आणि विल्यम रेनक्विस्ट (१९८६) हे तिघेच त्याच न्यायालयात न्यायाधीश असताना थेट सरन्यायाधीश झाले. बाकीचे बाहेरून आले. अर्ल वॉरन हे तर नेमणुकीच्या वेळी कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर होते आणि त्याआधी कोणत्याही न्यायालयात न्यायाधीश म्हणून बसलेले नव्हते.

सिनेटची संमती हा नुसता उपचार आहे असेही समजू नये. खुद्द जॉर्ज वॉशिंग्टन यांनी १७९५ साली सिनेटचे अधिवेशन नसताना जॉन रटलेज यांना सरन्यायाधीश नेमले. रटलेज यांनी ब्रिटनबरोबरच्या तहावर जाहीर सभेत कडाडून टीका केली होती. त्या डिसेंबरात सिनेटने १४ विरुद्ध १० मतांनी त्यांचे नाव फेटाळले आणि त्यांना जावे लागले.

तहहयात नेमणुकीचा परिणाम काय होतो, हे जॉन मार्शल यांच्या उदाहरणावरून कळते. जॉन ॲडम्स यांनी निवडणुकीत हरल्यानंतर, सत्ता सोडण्यास काही आठवडे उरले असताना, १८०१ च्या जानेवारीत आपले परराष्ट्रमंत्री मार्शल यांना सरन्यायाधीश केले. ते १८३५ पर्यंत, म्हणजे ३४ वर्षे त्या पदावर होते. ॲडम्स यांचा पक्ष त्याच्या कितीतरी आधी नामशेष झाला. जेफरसन, मॅडिसन आणि मन्रो या तिघांनी प्रत्येकी आठ वर्षे राज्य केले, पण सरन्यायाधीश नेमण्याची संधी तिघांनाही मिळाली नाही. आपल्याकडे सर्वाधिक काळ सरन्यायाधीश राहिलेले यशवंत विष्णू चंद्रचूड यांची कारकीर्द सात वर्षांहून थोडी अधिक होती, हे लक्षात घेतले म्हणजे फरक किती मोठा आहे ते समजेल.

प्रश्न : एखाद्या अवघड घटनात्मक प्रश्नावर राष्ट्राध्यक्ष सरन्यायाधीशांना आधीच विचारून घेऊ शकतात का? (निवृत्त प्राध्यापक, कोल्हापूर)

उत्तर : नाही. हा प्रश्न १७९३ सालीच निकालात निघाला. ब्रिटन आणि फ्रान्स यांच्यात युद्ध पेटले होते, अमेरिकेने तटस्थता जाहीर केली होती, आणि फ्रान्सशी पूर्वी केलेल्या तहांमुळे पावलोपावली कायदेशीर पेच उभे राहत होते. तेव्हा वॉशिंग्टन यांच्या वतीने परराष्ट्रमंत्री जेफरसन यांनी सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांकडे मत मागितले आणि २९ प्रश्नांची यादी तयार करण्यात आली. सरन्यायाधीश जॉन जे हे वॉशिंग्टन यांच्या विश्वासातले होते. तरीही ८ ऑगस्ट रोजी न्यायाधीशांनी नम्रपणे नकार कळवला. शासनाच्या तीन शाखा एकमेकींना आवर घालण्यासाठी आहेत, आम्ही शेवटच्या पायरीवरचे न्यायालय आहोत, आणि लेखी मत मागण्याचा अधिकार घटनेने राष्ट्राध्यक्षाला दिला आहे तो केवळ त्याच्या खात्यांच्या प्रमुखांकडून, असा त्या उत्तराचा आशय होता. वॉशिंग्टन यांनी तो नकार मान्य केला आणि आजतागायत तो पाळला जात आहे.

आपल्या राज्यघटनेने या बाबतीत जाणीवपूर्वक वेगळी वाट घेतली. अनुच्छेद १४३ प्रमाणे आपले राष्ट्रपती सर्वोच्च न्यायालयाचे मत मागवू शकतात. अमेरिकेत मात्र खरा वाद, खरे पक्षकार आणि रीतसर खटला असल्याशिवाय न्यायालय तोंड उघडत नाही.

औपचारिक सल्ला बंद झाला, म्हणून खासगी कुजबुजही थांबली असे मात्र नाही, आणि जेव्हा जेव्हा ती झाली तेव्हा न्यायालयाच्या नावाला बट्टाच लागला. याचे सर्वांत वाईट उदाहरण १८५७ चे आहे. ड्रेड स्कॉट हा गुलामगिरीत असलेला माणूस स्वातंत्र्यासाठी न्यायालयात आला होता. निवडून आलेले, पण अजून शपथ न घेतलेले जेम्स ब्यूकॅनन या खटल्याबद्दल न्यायाधीश जॉन कॅट्रन यांच्याशी पत्रव्यवहार करत होते. त्यांनी आपल्याच राज्यातले न्यायाधीश रॉबर्ट ग्रियर यांच्यावर बहुमताच्या बाजूने येण्यासाठी वजनही खर्च केले, आणि ग्रियर यांनी निकाल कसा लागणार हे त्यांना पत्राने कळवून टाकले. त्यानंतर ४ मार्चच्या शपथविधीच्या भाषणात ब्यूकॅनन यांनी, न्यायालय जो काही निर्णय देईल तो आपण आनंदाने मान्य करू, असे देशाला सांगितले. दोनच दिवसांनी सरन्यायाधीश रॉजर टॉनी यांनी निकाल वाचला, की आफ्रिकी वंशाचे लोक अमेरिकेचे नागरिक होऊच शकत नाहीत. गुलामगिरीचा प्रश्न न्यायालयाकडून कायमचा मिटवून घेता येईल अशी ब्यूकॅनन यांची अटकळ होती. चार वर्षांत देश यादवी युद्धात लोटला गेला.

पुढे १९५२ मध्ये हॅरी ट्रूमन यांनी संपाच्या तोंडावर देशातले पोलाद कारखाने सरकारच्या ताब्यात घेतले, तेव्हा त्यांचे जवळचे मित्र आणि माजी अर्थमंत्री असलेले सरन्यायाधीश फ्रेड व्हिन्सन यांनी त्यांना खासगीत अनुकूल मत दिले होते असे नंतर अनेकांनी लिहिले. ते खरे असेल तर त्या मताचा उपयोग झाला नाही. न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी ट्रूमन यांच्या विरोधात निकाल दिला आणि व्हिन्सन अल्पमतात राहिले. यावरून आणखी एक गोष्ट ध्यानात येते. सरन्यायाधीशाचे मत नऊ मतांपैकी एकच असते. बहुमतात असल्यास निकाल कोणी लिहायचा हे तो ठरवतो, पण सहकाऱ्यांना हुकूम देऊ शकत नाही.

प्रश्न : समजा, राष्ट्राध्यक्षाने न्यायालयाचा आदेश मानलाच नाही, तर सरन्यायाधीश काय करू शकतात? (वकील, संभाजीनगर)

उत्तर : या प्रश्नाला १८६१ च्या मे महिन्यात बाल्टिमोर शहरात जे घडले त्याहून स्पष्ट उत्तर मिळणार नाही, म्हणून ते थोडे विस्ताराने सांगतो.

यादवी युद्धाला तोंड फुटले होते. एप्रिलमध्ये बाल्टिमोरच्या रस्त्यांवर जमावाने उत्तरेच्या सैनिकांवर हल्ला केला, रेल्वेचे पूल जाळले गेले, आणि राजधानी वॉशिंग्टनला उत्तरेकडून कुमक पोहोचण्याचा मार्ग तुटला. अब्राहम लिंकन यांनी २७ एप्रिल रोजी सेनापती विनफिल्ड स्कॉट यांना, फिलाडेल्फिया ते वॉशिंग्टन या मार्गालगत गरज पडल्यास बंदी प्रत्यक्षीकरणाचा हक्क स्थगित करण्याची मुभा दिली. म्हणजे लष्कराने कोणाला पकडले तर 'या माणसाला न्यायालयापुढे उभे करा आणि कोणत्या आधारावर धरले ते सांगा' असे न्यायाधीशाने सांगण्याची सोय राहिली नाही. २५ मेच्या पहाटे दोनच्या सुमारास सैनिकांनी जॉन मेरिमन या मेरिलँडमधल्या जमीनदाराला घरातून उचलले आणि फोर्ट मॅकहेन्री या किल्ल्यात ठेवले. दक्षिणेच्या बाजूने सशस्त्र तयारी केल्याचा त्याच्यावर संशय होता.

मेरिमनची याचिका टॉनी यांच्यापुढे आली. ते तेव्हा ८४ वर्षांचे होते. त्यांनी किल्ल्याचे अधिकारी जनरल जॉर्ज कॅडवॉलडर यांना मेरिमनला घेऊन हजर राहण्याचा आदेश दिला. जनरल आले नाहीत. त्यांच्या वतीने लष्करी गणवेशातला एक कर्नल न्यायालयात आला आणि राष्ट्राध्यक्षांनी आपल्याला हा हक्क स्थगित करण्याचा अधिकार दिला आहे, असे जनरलचे निवेदन त्याने वाचून दाखवले. टॉनी यांनी जनरलवर अवमानाचा हुकूम काढला. दुसऱ्या दिवशी न्यायालयाचा मार्शल, म्हणजे आदेश बजावणारा अधिकारी, तो हुकूम घेऊन किल्ल्यावर गेला, तर त्याला बाहेरच्या फाटकातूनच परत पाठवण्यात आले. त्यावर टॉनी यांनी भर न्यायालयात सांगितले की नागरिकांची कुमक गोळा करून जनरलला धरून आणण्याचा अधिकार मार्शलला आहे, परंतु समोरचे बळ उघडच मोठे असल्यामुळे त्याला ते करायला सांगण्यात अर्थ नाही. आता आपण आपले मत लिहून काढू आणि ते राष्ट्राध्यक्षांकडे पाठवू, म्हणजे आपले घटनात्मक कर्तव्य कोणते हे त्यांचे त्यांना ठरवता येईल.

त्याप्रमाणे त्यांनी लिहिले. बंड किंवा आक्रमणाच्या प्रसंगी हा हक्क स्थगित करण्याची तरतूद घटनेच्या पहिल्या कलमात, काँग्रेसच्या अधिकारांविषयीच्या भागात आहे, म्हणून तो अधिकार काँग्रेसचा आहे, राष्ट्राध्यक्षाचा नव्हे, हा त्यांचा मुख्य मुद्दा होता. लिंकन यांनी त्यांना थेट उत्तर दिले नाही. ४ जुलै रोजी काँग्रेसला पाठवलेल्या संदेशात त्यांनी दोन गोष्टी मांडल्या. एक म्हणजे हा अधिकार नेमका कोणी वापरायचा हे घटनेत लिहिलेले नाही आणि काँग्रेसचे अधिवेशन भरेपर्यंत संकट थांबणार नव्हते. दुसरी अशी, की एक कायदा मोडू नये म्हणून बाकीचे सगळे कायदे धाब्यावर बसू द्यायचे आणि सरकारचेच तुकडे होऊ द्यायचे काय? मेरिमनची त्याच जुलैमध्ये लष्कराच्या ताब्यातून सुटका झाली आणि त्याच्यावर राजद्रोहाचा आरोप ठेवण्यात आला, पण खटला कधीच चालला नाही. काँग्रेसने १८६३ च्या मार्चमध्ये कायदा करून हक्क स्थगित करण्याचा अधिकार लिंकन यांना दिला.

या प्रसंगात नीती लिंकन यांच्या बाजूला आणि घटनेचा शब्द टॉनी यांच्या बाजूला होता, असे माझे मत आहे, आणि म्हणूनच तो वाचताना अस्वस्थ वाटते. ड्रेड स्कॉटचा निकाल लिहिणाऱ्या न्यायाधीशाच्या तोंडी व्यक्तिस्वातंत्र्याची इतकी नेमकी बाजू यावी, आणि गुलामगिरी संपवणाऱ्या राष्ट्राध्यक्षाने ती बाजूला सारावी, हे पचवणे सोपे नाही. पण आपल्या प्रश्नाचे उत्तर त्यात पूर्ण आले आहे : राष्ट्राध्यक्षाने मानलेच नाही, तर सरन्यायाधीश निकाल लिहून पाठवू शकतात, त्यापलीकडे काही नाही. न्यायालयाचे आदेश बजावणारी मार्शल यंत्रणाही आज न्याय खात्याच्या, म्हणजे राष्ट्राध्यक्षाच्याच अखत्यारीत येते.

राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांच्या तोंडी घातले जाणारे, सरन्यायाधीश जॉन मार्शल यांच्याविषयीचे 'मार्शल यांनी निकाल दिला आहे, आता त्यांनीच तो अमलात आणावा' हे वाक्य आपण पत्रात दिले आहे. चेरोकी या मूळनिवासी जमातीच्या लोकांच्या बाजूने लागलेल्या १८३२ च्या निकालाविषयीचे हे वाक्य छापले गेले ते तीस वर्षांनंतर, आणि जॅक्सन तसे बोलल्याचा समकालीन पुरावा नाही. निकालाबद्दल त्यांना आस्था नव्हती आणि चेरोकी लोकांना पुढे आपल्या भूमीतून हाकलले गेले, हे मात्र दुर्दैवाने खरे आहे.

आता याची दुसरी बाजू पाहू. विरोधी पक्षाच्या कार्यालयातील घरफोडी दडपल्याच्या वॉटरगेट प्रकरणात रिचर्ड निक्सन यांनी आपल्या कार्यालयातील संभाषणांच्या ध्वनिफिती देण्याचे नाकारले. २४ जुलै १९७४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ८ विरुद्ध ० मतांनी त्या देण्याचा आदेश दिला. निकाल लिहिला होता सरन्यायाधीश वॉरन बर्गर यांनी, म्हणजे निक्सन यांनीच पाच वर्षांपूर्वी निवडलेल्या माणसाने. त्यांच्याखेरीज निक्सन यांनीच नेमलेले आणखी दोन न्यायाधीश त्या आठांत होते. निक्सन यांच्यापाशी सैन्य होते, खाती होती, फिती नष्ट करण्याची संधीही होती. तरी त्याच दिवशी त्यांच्या वकिलांनी आदेश पाळला जाईल असे जाहीर केले. ५ ऑगस्टला एका फितीतला मजकूर प्रसिद्ध झाला आणि ९ ऑगस्टला निक्सन यांनी पद सोडले. टॉनी यांच्या मार्शलला किल्ल्याच्या फाटकावरून परतावे लागले आणि बर्गर यांना मार्शल पाठवावाच लागला नाही, या दोन घटनांमधील फरक न्यायालयाच्या अधिकारांत पडलेला नाही, कारण ते दोन्ही वेळी तेच होते. मधल्या शंभर वर्षांत लोकांच्या आणि काँग्रेसच्या मनात आज्ञापालनाची जी सवय रुजली, तिने तो फरक पाडला. निकाल मोडला असता तर निक्सन यांच्या स्वतःच्या पक्षातले सिनेटरही त्यांच्यामागे उभे राहिले नसते, याची त्यांना कल्पना होती.

प्रश्न : आपण नेमलेल्या सरन्यायाधीशाने आपल्याच विरोधात निकाल द्यावा, हे राष्ट्राध्यक्षांना किती वेळा सहन करावे लागले? (गृहिणी, बेळगाव)

उत्तर : बर्गर यांचे उदाहरण वर आलेच आहे. त्याहून विलक्षण गोष्ट सॅमन चेस यांची आहे. ते लिंकन यांचे अर्थमंत्री होते. युद्धाचा खर्च भागवण्यासाठी १८६२ मध्ये जे कागदी चलन काढले गेले ते त्यांच्याच देखरेखीखाली, आणि त्यातल्या एक डॉलरच्या नोटेवर चित्रही त्यांचेच छापले होते. मंत्रिमंडळात असतानाच त्यांनी लिंकन यांच्याऐवजी स्वतः उमेदवार होण्याची खटपट केली. असे असूनही, १८६४ मध्ये टॉनी यांचे निधन झाल्यावर लिंकन यांनी चेस यांनाच सरन्यायाधीश केले. युद्धकाळात घेतलेल्या निर्णयांना हा माणूस न्यायालयात धक्का लावणार नाही, अशी त्यांची अपेक्षा होती. १८७० मध्ये त्याच चेस यांनी, आधीच्या कर्जाच्या फेडीसाठी ते कागदी चलन सक्तीचे करणे घटनाबाह्य आहे असा निकाल लिहिला. तोवर लिंकन हयात नव्हते. युलिसिस ग्रँट यांनी त्याच दिवशी रिकाम्या जागांसाठी दोन न्यायाधीशांची नावे सुचवली आणि पुढच्याच वर्षी न्यायालयाने तो निकाल फिरवला. तेव्हाही चेस आपल्या मतावर ठाम राहिले.

ड्वाइट आयझेनहॉवर आणि त्यांनीच नेमलेले वॉरन यांच्यातला ताण याहून खोल होता. शाळांतील वर्णभेदाच्या खटल्याची सुनावणी संपली होती आणि निकाल यायचा होता, त्या काळात १९५४ च्या आरंभी व्हाइट हाउसमध्ये एक भोजन झाले. वॉरन यांनी नंतर आठवणींत नोंदवले आहे की दक्षिणेकडील राज्यांची बाजू मांडणारे वकील जॉन डेव्हिस यांना त्यांच्या जवळच बसवण्यात आले होते, आयझेनहॉवर यांनी डेव्हिस यांची तोंड भरून स्तुती केली, आणि जेवणानंतर वॉरन यांचा दंड धरून, हे दक्षिणेतले लोक वाईट नाहीत, शाळेत आपल्या लहान मुलींना काळ्या मुलांशेजारी बसावे लागू नये एवढीच त्यांची काळजी आहे, अशा अर्थाचे ते बोलले. राष्ट्राध्यक्षाने सरन्यायाधीशाशी असे बोलणे सर्वथा अनुचित होते. १७ मे रोजी वॉरन यांनी वर्णभेद घटनाबाह्य ठरवणारा एकमताचा निकाल वाचला. आयझेनहॉवर यांनी त्या निकालाचे जाहीर समर्थन करण्याचे टाळले. तथापि १९५७ मध्ये लिटल रॉक येथे राज्याच्या गव्हर्नरने नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना शाळेत जाण्यापासून अडवले, तेव्हा त्याच आयझेनहॉवर यांनी लष्कराच्या १०१ व्या छत्रीधारी डिव्हिजनचे सैनिक पाठवून त्या मुलांना वर्गापर्यंत पोहोचवले. निकाल त्यांना रुचला नव्हता, पण तो पाळला जाईल हे पाहणे आपले काम आहे, याविषयी त्यांच्या मनात संदेह नव्हता.

प्रश्न : एकच व्यक्ती दोन्ही पदांवर कधी होती का? (विद्यार्थी, सातारा)

उत्तर : विल्यम हॉवर्ड टाफ्ट, आणि तेवढे एकच. १९०९ ते १९१३ ते राष्ट्राध्यक्ष होते. त्यांची खरी ओढ न्यायासनाकडे होती. १९१० मध्ये व्हाइट यांना त्यांनीच सरन्यायाधीश केले, आणि १९२१ मध्ये व्हाइट यांचे निधन झाल्यावर वॉरन हार्डिंग यांनी ती जागा टाफ्ट यांना दिली. सरन्यायाधीश म्हणून त्यांनी कूलिज आणि हूवर यांना राष्ट्राध्यक्षपदाची शपथ दिली. न्यायालयाला स्वतःची इमारत नव्हती, ते काँग्रेसच्या कॅपिटॉल इमारतीत भरत असे. वेगळी इमारत व्हावी म्हणून टाफ्ट यांनी नेट लावला, पण १९३५ मध्ये ती उभी राहिली तेव्हा ते हयात नव्हते. दुसरीकडे, न्यायाधीशांच्या नेमणुकांबाबत ते राष्ट्राध्यक्षांना नावे सुचवत आणि त्यांचा पाठपुरावाही करत. ते मला योग्य वाटत नाही.

प्रश्न : न्यायालय अडवत असेल तर न्यायाधीशांची संख्याच वाढवून बहुमत मिळवता येणार नाही का? (बँक कर्मचारी, ठाणे)

उत्तर : कायद्याने येईल. संख्या घटनेत लिहिलेली नाही. १७८९ मध्ये ती सहा होती, मध्यंतरी दहापर्यंत गेली आणि १८६९ पासून नऊ आहे. फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी ५ फेब्रुवारी १९३७ रोजी नेमका हाच मार्ग सुचवला. १९३६ मध्ये ४८ पैकी ४६ राज्ये जिंकून ते परत आले होते. पहिल्या चार वर्षांत त्यांना एकही न्यायाधीश नेमायला मिळाला नव्हता आणि न्यायालयाने मंदीवर मात करण्यासाठी केलेले त्यांचे कायदे एकामागून एक रद्द केले होते. सत्तरी ओलांडूनही निवृत्त न होणाऱ्या प्रत्येक न्यायाधीशामागे एक नवा, असे जास्तीत जास्त सहा नेमण्याची त्यांची योजना होती. वयोवृद्ध न्यायाधीशांना काम उरकत नाही, असे कारण त्यांनी पुढे केले.

सरन्यायाधीश चार्ल्स इव्हान्स ह्यूज यांनी भाषण केले नाही, मुलाखत दिली नाही. योजनेला विरोध करणारे सिनेटर बर्टन व्हीलर हे रूझवेल्ट यांच्याच पक्षाचे होते. त्यांना ह्यूज यांनी एक पत्र लिहिले आणि ते मार्चमध्ये सिनेटच्या समितीपुढे वाचले गेले. न्यायालयाकडे काम तुंबलेले नाही, हे त्यांनी आकडे देऊन दाखवले, आणि पुढे म्हटले की न्यायाधीश वाढवल्याने काम लवकर होणार नाही, उलट ऐकणारे, चर्चा करणारे आणि पटवून द्यावे लागणारे लोक तेवढे वाढतील. पुढे केलेले कारणच खोटे ठरल्यावर योजनेचा खरा हेतू उघडा पडला. त्याच महिन्याच्या अखेरीस न्यायालयाने किमान वेतनाचा कायदा उचलून धरला. योजनेच्या धास्तीने न्यायालय वळले असे सर्रास म्हटले जाते, परंतु त्या खटल्यात न्यायाधीशांचे आपसातले मतदान योजना जाहीर होण्यापूर्वी, डिसेंबरातच झाले होते. जुलैमध्ये सिनेटने ७० विरुद्ध २० मतांनी विधेयक समितीकडे परत पाठवून ते गुंडाळले.

प्रश्न : राष्ट्राध्यक्षांवर महाभियोग चालतो तेव्हा सरन्यायाधीशांची भूमिका काय असते? आणि राष्ट्राध्यक्ष न्यायाधीशांवर जाहीर टीका करतात, त्याला सरन्यायाधीश उत्तर देऊ शकतात का? (मराठी वाचक, न्यू जर्सी)

उत्तर : मूळ राज्यघटनेत सरन्यायाधीशपदाचा उल्लेख एकदाच येतो, तो याच संदर्भात. एरवी सिनेटचे अध्यक्षपद उपराष्ट्राध्यक्षाकडे असते. राष्ट्राध्यक्ष गेल्यास त्याची खुर्ची ज्याला मिळणार, त्यानेच खटल्याच्या वेळी आसनावर बसू नये, म्हणून तेवढ्यापुरते सरन्यायाधीशांना बोलावले जाते. दोषी की निर्दोष हे सिनेटर ठरवतात. १८६८ मध्ये चेस, १९९९ मध्ये रेनक्विस्ट आणि २०२० मध्ये जॉन रॉबर्ट्स यांनी हे काम केले. डोनाल्ड ट्रम्प यांच्यावरचा दुसरा खटला २०२१ मध्ये चालला तेव्हा ते पदावर नव्हते, म्हणून तिथे सिनेटर पॅट्रिक लेही बसले.

उत्तर देण्यावर कायद्याचे बंधन नाही, संकेताचे आहे. बराक ओबामा यांनी २०१० मध्ये काँग्रेसपुढील भाषणात, समोर न्यायाधीश बसलेले असताना, निवडणूक खर्चाविषयीच्या निकालावर टीका केली. रॉबर्ट्स यांनी काही आठवड्यांनी त्या प्रसंगाच्या स्वरूपाबद्दल नाराजी व्यक्त केली, पण निकालावर टीका करण्याचा हक्क सर्वांना आहे असेही सांगितले. सिनेटर असताना ओबामा यांनी रॉबर्ट्स यांच्या नेमणुकीविरुद्ध मत दिले होते. तरीही २०१२ मध्ये ओबामा यांचा आरोग्यविम्याचा कायदा वाचला तो रॉबर्ट्स यांच्या निर्णायक मतामुळे. २०१८ च्या नोव्हेंबरात ट्रम्प यांनी एका न्यायाधीशाला 'ओबामांचा न्यायाधीश' म्हटले, तेव्हा आमच्याकडे ओबामांचे न्यायाधीश किंवा ट्रम्प यांचे न्यायाधीश असे काही नसते, असे निवेदन रॉबर्ट्स यांनी काढले. २०२४ मध्ये त्याच रॉबर्ट्स यांनी राष्ट्राध्यक्षाला अधिकृत कृत्यांसाठी फौजदारी खटल्यापासून विस्तृत संरक्षण देणारा ६ विरुद्ध ३ चा निकाल लिहिला, आणि तो राष्ट्राध्यक्षपदाला फार झुकते माप देतो असे माझ्यासह अनेकांना वाटते. त्यानंतर १८ मार्च २०२५ रोजी, हद्दपारीच्या प्रकरणात प्रतिकूल आदेश देणाऱ्या न्यायाधीशावर महाभियोग चालवावा अशी ट्रम्प यांनी मागणी केली, तेव्हा काही तासांतच रॉबर्ट्स यांचे निवेदन आले : निकाल पटला नाही म्हणून महाभियोग हा योग्य उपाय नाही, हे दोन शतकांहून अधिक काळ प्रस्थापित आहे, आणि त्यासाठी अपिलाचा मार्ग खुला आहे. निवेदन दोन वाक्यांचे होते आणि त्यात राष्ट्राध्यक्षांचे नाव नव्हते.